महापालिकेच्या अंदाजपत्रकात गल्लीतलं काम घ्यायचं तर अर्जात काय लिहावं?

सिंहगड रोडकर
पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, त्याचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयातून आणलाय. शाळेच्या फाटकापासून बसस्टॉपपर्यंत आमच्याकडे फुटपाथच नाही, पोरं दुचाक्यांमधून वाट काढतात. सोसायटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो भरपूर सह्या जोडा, दुसरा म्हणतो अर्जबिर्ज सोडा, नगरसेवकाला गाठा. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त ज्युनिअर
सह्या जोडा, बिघडत नाही. पण अर्ज ज्या टेबलावर जातो तिथे सह्या कुणी मोजत नाही, काम नियमात आणि मर्यादेत बसतंय का तेवढं बघतात. पालिकेच्या नोकरीत असले गठ्ठे पुष्कळ चाळलेत. ‘परिसराचा विकास करावा’ असं लिहिलेला अर्ज पहिल्या फेरीतच बाजूला पडतो. तुम्ही टेप घेऊन जा आणि लिहा: शाळेचं फाटक ते बसस्टॉप, डावी बाजू, इतके मीटर लांब, इतका रुंद, मध्ये एक डीपी (विजेची पेटी), दोन झाडं. सोबत फोटो. जागा पालिकेच्या ताब्यात आहे ना, हे आधी विचारा; रस्तारुंदीतली पट्टी अजून खासगी मालकीची असली तर सगळं तिथेच अडतं.

2006-07 पासून ही पद्धत आहे. एका कामाला पाच लाखांची मर्यादा असायची. आताचा आकडा अर्जावर बघून घ्या आणि मागणी त्यात बसवा. फुटपाथसोबत पावसाळी पाण्याची लाइनही मागितलीत तर मर्यादा ओलांडून दोन्ही हातची जातील.

आता मुख्य मुद्दा. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, ते स्थायी समितीतून मुख्य सभेत जातं, पुस्तक छापून येतं. त्यात आपलं काम दिसलं की लोक पेढे वाटतात आणि झोपतात! तिथला बजेट कोड, म्हणजे त्या कामाचा क्रमांक, लिहून घ्या. एप्रिलनंतर पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज) झालं का, टेंडर निघालं का, दर महिन्याला विचारा. दिवाळी उलटली आणि पैसे तसेच पडून असले, की त्यांचं ‘वर्गीकरण’ होऊ शकतं, म्हणजे तरतूद रीतसर दुसऱ्या कामाला. नगरसेवकाला गाठायचं ते तेव्हा.

मिळकतकरदाता
काका, हजारो कोटींच्या अंदाजपत्रकात आम्ही पाच लाखांच्या फरशा सुचवायच्या? ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत 1989 पासून लोक सभांना बसून कोणतं काम आधी हे ठरवायला लागले. आपल्याकडे नुसती सूचनापेटी. क्षेत्रसभा, म्हणजे भागातल्या मतदारांची सभा, कायद्यात आहे, तुमच्यापैकी कुणी बसलाय का एखाद्या क्षेत्रसभेला? मिळकतकराचं बिल मात्र न चुकता येतं.

निवृत्त ज्युनिअर
बरोबर आहे तुमचं. क्षेत्रसभेसाठी भांडाच, मीही येतो. पण त्यांच्या शाळेला आधी फुटपाथ हवाय. आणि कागद बघायचे तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, पण त्यात महिनाभर जाऊ शकतो. सोमवारी दुपारी 3 ते 5 पालिकेत फायली थेट बघायला मिळायच्या, ती सोय अजून आहे का ते आधी विचारा. कोड सांगून फाइल मागा.

सिंहगड रोडकर
कोडचं माहीतच नव्हतं. रविवारी मोजणी करतो. डीपी नेमका मध्ये येतोय, तो हलवायची मागणी याच अर्जात घालू का?

निवृत्त ज्युनिअर
अजिबात नको. तो महावितरणचा, त्यांचा खर्च आणि परवानगी वेगळी. फुटपाथ डीपीला वळसा घालून दाखवा, आणि तिथे व्हीलचेअर जाईल एवढी रुंदी उरते का ते मोजून लिहा.