अनुभव धागा: भाड्याचं घर, कुत्रा आणि त्याची जात

‘कुत्रा आहे’ म्हटल्यावर घर नाकारतात, हे भाड्याने राहणाऱ्या कुणालाही नवीन नाही. पण कुत्रा चालतो, फक्त तुमचा चालत नाही, हा नकार जास्त लागतो. अमेरिकेत बऱ्याच अपार्टमेंटमध्ये लीजबरोबर जातींची छापील यादीच देतात: पिटबुल, रॉटवायलर, डॉबरमन, चाउ चाउ, अकिता, कुठेकुठे जर्मन शेफर्ड आणि हस्कीसुद्धा. आपल्याकडे यादी छापत नाहीत, पण वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात ती असते. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी इथे लिहा. घर कसं मिळालं, काय उपयोगी पडलं, तेही सांगा. घरमालकांनीही लिहावं, त्यांची बाजू आपल्या कानावर फारशी येत नाही.

न्यू जर्सी
माझ्यापासूनच सुरुवात करते. आमची राणी जर्मन शेफर्ड. नोकरीमुळे टेक्सासहून इकडे यायचं ठरलं. लीजिंग ऑफिसमधली मुलगी फोनवर छान बोलत होती. महिन्याचं पेट रेंट म्हणजे कुत्र्यासाठीचं जादा भाडं, परत न मिळणारी फी, सगळं समजावलं. मग जात विचारली आणि बोलणं तिथेच थांबलं. तिच्या हातात खरंच काही नव्हतं. काही जातींच्या कुत्र्यांची जबाबदारी विमा कंपन्या घेत नाहीत, म्हणून मॅनेजमेंट यादी लावते.

आम्ही मोठी कॉम्प्लेक्सं सोडली आणि स्वतःच्या घराचा मजला भाड्याने देणारे मालक शोधले. राणीची फाइल केली: लसीकरण, नसबंदीचा दाखला, आधीच्या घरमालकाचं पत्र आणि अमेरिकन केनेल क्लबचं ‘कॅनाइन गुड सिटिझन’ प्रमाणपत्र. त्यात दहा चाचण्या असतात. अनोळखी माणूस जवळ आला तर शांत राहणं, गर्दीतून नीट चालणं, मालक तीन मिनिटं नजरेआड गेला तरी न बिथरणं, अशा. शेवटी एक आजोबा भेटले. त्यांनी फाइल चाळली आणि सरळ राणीचा पंजा हातात घेऊन नखं बघितली. राणी चावेल याची त्यांना चिंताच नव्हती, घरातल्या जुन्या लाकडी फ्लोअरिंगची होती. नखं नियमित कापू, दाराशी गालिचा टाकू, असं करारात लिहून दिलं. आज आम्ही तिथेच राहतोय.

बाणेर, पुणे
आमचा रॉटी, म्हणजे रॉटवायलर. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचं पत्र राज्यांना गेलं. रॉटवायलर, पिटबुल धरून 23 जातींची आयात, विक्री आणि पैदास बंद करा, आणि ज्यांच्याकडे आधीपासून आहेत त्यांच्या कुत्र्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. पाळलेला कुत्रा घराबाहेर काढा असं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र फक्त यादी फिरली. घरमालकांचा फोन आला, ‘कमिटी मागे लागलीये, करार रिन्यू करता येणार नाही.’ एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं, तोवर आम्ही सामान हलवलं होतं. लहानपणापासून ज्या मुलांमध्ये तो खेळला, त्यांच्या आया त्याला बघून लिफ्टमधून बाहेर पडायला लागल्या. ते अजून मनातून जात नाही.

ठाणे
बाणेरच्या पोस्टला सांगावंसं वाटतं, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं प्रिंट काढून जवळ ठेवा. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लहान चालेल, मोठा नको, असंही म्हणता येत नाही. आमच्या कमिटीने तो कागद वाचला आणि कुत्र्याला लिफ्टमधून नेण्याचा विषय मिटला. पण घरमालक करार न करायला मोकळा असतो. त्याच्यापुढे कायद्याचा कागद नाचवलात तर बोलणं बंद होईल. त्याला घरी बोलवा, कुत्रा दाखवा.

डॅलस
शेल्टरमधून आणलेल्या आमच्या पिल्लाच्या कागदावर ‘पिट मिक्स’, म्हणजे पिटबुलचं मिश्रण, असं लिहिलं होतं. रुंद डोकं आणि जबडा बघून कुणीतरी मारलेला हा शिक्का. पुढे तोच पशुवैद्याच्या फाइलमध्ये गेला आणि प्रत्येक अपार्टमेंटने तोच धरला. काही ठिकाणी डीएनए अहवाल चालतो, काही ठिकाणी नाही. दत्तक घेताना जातीच्या रकान्यात काय लिहितायत ते सही करायच्या आधी वाचा. खात्री नसेल तर ‘मिश्र’ लिहा म्हणून आग्रह धरा.

कोथरूड, घरमालक
मी जात विचारतच नाही. कुत्रा दिवसभर एकटा असतो का, एवढंच विचारतो. आधीच्या भाडेकरूंचा बीगल होता. कुठल्याच यादीत नसलेला, गोड कुत्रा. दोघं सकाळी आठला जायचे, रात्री यायचे. तो दिवसभर रडायचा. खालच्या काकूंनी तक्रार केली तीसुद्धा रागाने नाही, त्यांनाच ते ऐकवत नव्हतं. दाराची खालची फळी त्याने कुरतडून टाकली. आताचे भाडेकरू लॅब घेऊन आलेत, दुपारी फिरवायला माणूस ठेवलाय. डिपॉझिट थोडं जास्त घेतलं, कुरकुर नाही.

नाशिक
वाचून धीर आला. पुढच्या महिन्यात बदलीवर हैदराबादला जायचंय. डॉबरमन आहे, पाच वर्षांची, नसबंदी झालेली. ब्रोकर म्हणतो, ‘घर बघताना कुत्र्याचं बोलू नका, राहायला गेल्यावर बघू.’ ते मला पटत नाही, आधीच सांगणार आहे. गचीबावली, कोंडापूर भागात कुणाच्या ओळखीचे घरमालक असतील तर कृपया कळवा.