मदत हवी आहे: लोनचा हप्ता, बाँडची नोकरी आणि मामाची सही

खाडीपलीकडची

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहायची पहिलीच वेळ. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी कळव्याला, खारेगावात राहते. २०२० ला बारावी झाले. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशाच्या, राउंडमध्ये हवी ती ब्रँच मिळेना, म्हणून नवी मुंबईतल्या एका खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून एक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घेतलं. कोविडचं वर्ष. ॲडमिशन होता होता जानेवारी उजाडला आणि पहिलं वर्ष अख्खं पलंगावर मांडी घालून झालं. लॅबची फी मात्र पूर्ण घेतली. ऑसिलोस्कोपला पहिल्यांदा हात लागला तो दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, तोही चौघींत एक, आणि त्याचा एक चॅनल बंद. २०२४ ला ८.१ सीजीपीआयने बाहेर पडले, एकही केटी नाही, म्हणजे एकाही विषयात नापास नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण "अभ्यास केला नसशील" असा प्रतिसाद येणार हे माहीत आहे.

कॅम्पसला एका मोठ्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर मिळालं होतं. आईने अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, तेच आता नडतंय. जॉइनिंग आधी सप्टेंबरला, मग "पुढच्या तिमाहीत", मग अचानक एक नवी ऑनलाइन परीक्षा, आणि ती दिल्यावर दोन ओळींचा मेल. यात चौदा महिने गेले. तेवढ्या काळात दुसरीकडे धड अर्जही केले नाहीत, कारण नोकरी "होती" ना.

आता पैशाचं. बाबा रबाळ्याला एका केमिकल कंपनीत होते. २०२३ मध्ये प्लांट गुजरातला गेला, बाबा इथेच राहिले. सध्या एका सोसायटीत सुपरवायझर आहेत, सोळा हजारांवर. लोन घेतलं तेव्हा त्यांचं उत्पन्न वर्षाला सव्वापाच लाख होतं, त्यामुळे साडेचार लाखांच्या आतल्यांना मिळते ती केंद्राची व्याज सबसिडी हुकली. दरवर्षी १ लाख २० हजार असं ४ लाख ८० हजारांचं लोन झालं, साडेनऊ टक्क्यांनी. चार लाखांच्या वर म्हणून बँकेने जामीनदार मागितला, मामाने सही केली. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, एवढंच आम्ही ऐकलं. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं हे कुणीतरी सांगितलंही असेल, डोक्यात शिरलं नाही. जुलै २०२५ मध्ये हिशोब आला तेव्हा ते ६ लाख ३० हजार झाले होते. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता ८,१५० च्या आसपास.

पहिले चार हप्ते बाबांच्या पीएफमधून भरले. डिसेंबर आणि जानेवारीचा राहिला. आता रोज फोन येतात, कधी रात्री नऊलासुद्धा. गेल्या आठवड्यात मामाला गेला. मामा डोंबिवलीला वन बीएचके बघतोय, होम लोनची फाइल टाकायची आहे त्याला. मला एक शब्द बोलला नाही. आईला म्हणाला, "ताई, पोरीला यातलं काही बोलू नकोस." शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मी सध्या ठाण्याला गावदेवीजवळ एका क्लासमध्ये आठवी ते दहावीचं गणित शिकवते. अकरा हजार मिळतात. क्लासच्या सरांनी दारावरच्या बॅनरवर माझा फोटो लावलाय, खाली "बी.ई. शिक्षिका". दर महिन्याच्या पालकसभेत मला पुढे उभं करतात. मागच्या वेळी एक बाई भाजीच्या गाळ्यावरून तशाच आल्या होत्या, पिशवी हातात. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही इंजिनिअर ना? मग आमच्या मुलीलापण तिकडेच घालू?" सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हो, घाला, स्कोप आहे." कळव्याला उतरेपर्यंत तो स्कोप तोंडात कडू लागत होता.

प्रश्न असा की समोर दोन रस्ते आहेत. महापेला एक छोटी कंपनी ग्रॅज्युएट ट्रेनी म्हणून घेतेय, सहा महिने चौदा हजार, मग अठरा. पण दोन वर्षांचा दीड लाखाचा बाँड, मूळ मार्कशीट त्यांच्याकडे आणि सही केलेला कोरा चेक. दुसरा रस्ता म्हणजे स्टेशनजवळचा एक सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स, ९२ हजार, "नोकरी लागल्यावरच पैसे द्या" म्हणतात. सोमवारपर्यंत महापेला कळवायचं आहे. काय करू? बँकेचं काय करू? मामाला वाचवायचा काही मार्ग आहे का?

जुनाठाणेकर

ताई, राग मानू नका. १९८४ ला डिप्लोमा हातात घेऊन मी वागळे इस्टेटमध्ये गेटागेटावर फिरलो. सोळाव्या गेटवर काम मिळालं, ४५० रुपये. आजच्या मुलांना पहिल्या दिवसापासून एसी हवा असतो.

सातवी_सीट

काका, त्यातल्या किती गेटांमागे आज कारखाना उरलाय ते एकदा फिरून बघा. आणि ४५० रुपयांच्या पगारावर तुमच्या डोक्यावर किती लाखांचं लोन होतं तेही सांगा.

पासबुक

सरकारी बँकेतून निवृत्त झालोय, त्यामुळे फक्त लोनवर बोलतो.

फोनवरच्या माणसाशी वाद घालू नका, तो बहुतेक वेळा बँकेचा नसतोच, एजन्सीचा असतो. शाखेत जा. मॅनेजरच्या नावे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. दोन गोष्टी मागा. एक, मुदत दहाची पंधरा वर्षं करा. तुमच्या रकमेवर हप्ता ६,५८० च्या आसपास येईल. एकूण व्याज दोन लाखांनी वाढेल हे खरं, पण दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता, असेल तर आधी फेडायला दंड नाही, पगार वाढला की जादा भरत जा. दोन, बेरोजगारी किंवा अपुऱ्या पगाराच्या काळासाठी हप्त्याला स्थगिती. इंडियन बँक्स असोसिएशनची जी आदर्श योजना आहे तिच्यात याला जागा आहे: एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, लोनच्या आयुष्यात दोन-तीनदा. हा हक्क नाही, बँकेच्या मर्जीचा भाग आहे, पण मागितल्याशिवाय कोणी आपणहून देत नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत हे कलम माहीत असलेले कर्जदार मोजून तीन आले. त्यातली एक वकिलाची मुलगी होती.

तारखेचं बघा. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्यात जमा, होतं. तुमचा डिसेंबरचा हप्ता पाच तारखेच्या सुमाराचा असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते ९० दिवस भरतात. त्याआधी काहीही करून निदान एक हप्ता भरा. एकदा एनपीए झालं की वरच्या दोन्ही मागण्या अवघड होतात. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रिपोर्टवर, उशिराची नोंद तुमची झालीच असेल, आणि जामीनकी मामांच्याही रिपोर्टमध्ये दिसते. म्हणून मामांना सगळं तुम्हीच सांगा, त्यांच्या होम लोनच्या बँकेकडून त्यांना कळू देऊ नका.

वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. नंबर आणि वेळ लिहून ठेवा. आधी बँकेकडे तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. १४४४८ वर माहिती मिळते.

काळाकोट

बाँडबद्दल. दोन वर्षं टिकेन असं लिहून घेणं बेकायदा नाही. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा असाच करार योग्य ठरवला. त्यामुळे "बाँडला कोर्टात काही किंमत नसते" असं सांगणाऱ्या मित्रांवर जाऊ नका. पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बाँडवरची रक्कम ही कमाल मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. तुमच्या ट्रेनिंगवर त्यांनी खरोखर काय खर्च केला हा प्रश्न येतोच. चौदा हजारांच्या ट्रेनीवर दीड लाखाचं कसलं ट्रेनिंग देणार आहेत, तो कागद मागून बघा.

कोऱ्या चेकवर सही नाही म्हणजे नाही. रक्कम ते भरणार, चेक वटला नाही की कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, नोटीस तुम्हाला येणार. मूळ मार्कशीटही नाही. मूळ दाखवा, झेरॉक्स द्या, आणि मूळ परत पिशवीत.

टॅबवरची_सही

कोर्सपासून लांब राहा. माझ्या भावाने हेच केलं. "नोकरी लागल्यावर पैसे" म्हणून टॅबवर बोटाने सही घेतली, ती एका फायनान्स कंपनीच्या पर्सनल लोनची होती. पैसे पहिल्याच दिवशी क्लासला पोचले. सहा महिन्यांत क्लासला टाळं लागलं, हप्ता आजही चालू आहे. अर्जात "लोन अकाउंट नंबर" असा शब्द कुठे दिसतो का ते बघा. दिसला की उठा.

सातवी_सीट

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० मिळतात. माझी बहीण एका सरकारी कचेरीत होती. काम चांगलं शिकली, पण अकरा महिने भरले की घरी. मधला पूल म्हणून ठीक. शिवाय अप्रेंटिसशिपसाठी नॅट्सच्या (केंद्राची अप्रेंटिस योजना) पोर्टलवर नाव टाक, पश्चिम विभागाचं त्यांचं ऑफिस इथे सायनलाच आहे.

रबाळे_रात्रपाळी

ताई, तू एक्सटीसीची आहेस आणि टेस्टिंगचा कोर्स का शोधतेयस? ऐरोलीपासून महापेपर्यंत डेटा सेंटरं उभी राहिलीत. ज्या पट्ट्यातून केमिकलवाले गेले त्याच पट्ट्यात. आत माणसं लागतात: नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारी खोली असते, तिला एनओसी म्हणतात, शिवाय केबलिंग, यूपीएस, कूलिंगचं मॉनिटरिंग. मी स्वतः डिप्लोमावाला आहे, तीन वर्षं झाली. सुरुवात बहुतेक कंत्राटदाराच्या पेरोलवर होते, हे लपवत नाही. मला अठराने घेतलं होतं, आता एकोणतीस. बाँड नव्हता.

नेटवर्किंगचं बेसिक घरी बसून शीक, सगळं फुकट मिळतं. सीसीएनएची (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) परीक्षा ३०० डॉलरची आहे, ती आत्ता देऊ नकोस, नोकरी लागल्यावर दे. शिफ्ट तिन्ही असतात. बाईमाणसाला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि बसवलं तर सुरक्षेची आणि घरी सोडण्याची सोय बघावी लागते, हे पहिल्याच दिवशी विचारून घे. आमच्याकडे दोघी आहेत. बायोडेटा व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

जुनाठाणेकर

ताई, वरचा माझा प्रतिसाद जरा तिखट झाला. एनओसीचं बघाच. माझा पुतण्या त्याच लायनीत आहे, त्यालाही विचारतो.

खाडीपलीकडची

सगळ्यांचे आभार. पाच दिवसांत काय काय झालं ते सांगते.

महापेवाल्यांना म्हटलं, बाँडवर सही करते, पण चेक आणि मूळ कागद देणार नाही. एचआरच्या बाई म्हणाल्या, "मग पुढच्या कँडिडेटला बोलावते." बोलावू देत. कोर्सवाल्यांच्या अर्जात तिसऱ्या पानावर लोन अकाउंट नंबर सापडला.

बँकेत मॅनेजर आधी म्हणाले की असं काही नसतंच. पासबुक काकांनी सांगितलेल्या योजनेचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. अर्ज घेतलाय, शिक्का आहे. मुदत वाढेल म्हणाले, स्थगितीचं वरून विचारून सांगतील. एक हप्ता भरला. त्यासाठी आईची एक बांगडी गहाण पडली, ती मी आईला विचारून ठेवली एवढंच समाधान.

मामाला डोंबिवलीला जाऊन सगळे आकडे सांगितले. तो ऐकत होता, मग म्हणाला, "फाइल मेमध्ये टाकतो. तोपर्यंत तुझे तीन हप्ते वेळेवर गेलेले दिसू देत." मामीने जेवायला थांबवलं.

त्या भाजीवाल्या बाईंना काल क्लासच्या जिन्यात गाठलं. वहीच्या पानावर माझे दोन आकडे लिहून दिले, ४,८०,००० आणि त्याखाली ६,३०,०००. सांगितलं, घालायचंच तर कॅपमधूनच घाला. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे, मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. (म्हणजे मी बाहेर पडले आणि सवलत आत आली. असो.) त्यांनी पानाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. सरांना कळलं तर बॅनरवरचा फोटो उतरेल.

रबाळे_रात्रपाळी, तुम्ही पाठवलेल्या पत्त्यावर शुक्रवारी बोलावलंय. बाबांना गेटचं विचारलं तर म्हणाले, "त्या रस्त्याने एकोणीस वर्षं गेलोय, सोडायला येतो." मुलाखतीत सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटायचं गणित, विचारतात का?

रबाळे_रात्रपाळी

विचारतात. /२६ च्या गटापर्यंतचा हिशोब तोंडी यायला हवा, कागद देत नाहीत. आधार मूळ ने, गेटवर दाखवून परत घे. आणि बूट घाल, सँडलवर आत सोडत नाहीत.