लग्न न झालेल्या मुलीला 'मित्र मारतो का' हे वॉर्डात विचारायचं कसं?

तेंदूपान
यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाचं काम आहे. १५ ते २१ वयाच्या मुली येतात. कोणी उंदराचं औषध खाल्लेली, कोणाच्या मनगटावर ब्लेडच्या रेघा. मागे बहुतेकदा एखादा मुलगा निघतो, पण आमच्या फॉर्मात रकाने फक्त नवरा आणि सासरचे. विचारलं तर 'तसं काई नाही मॅडम'. आई खाटेजवळून हलत नाही. त्यात अठराच्या आतली खरं बोलली तर पोलिसांत कळवावं लागतं. मग विचारायचं कसं?

वैनगंगा
आईला नुसतं 'बाहेर थांबा' म्हटलं की संशय येतो. 'या वयाच्या प्रत्येक पेशंटशी दहा मिनिटं एकट्याशी बोलायचं, असा नियम आहे' म्हणा, आणि तो खरंच सगळ्यांना लावा, मुलांनाही. तेवढ्यात आई सिस्टरकडून गोळ्यांच्या वेळा समजून घेईल. सोबत 'भाऊ' आला असेल तर तोही बाहेर. तो भाऊ आहे की तोच मुलगा, हे दारात कळत नाही. पडद्याआड बोलणं म्हणजे शेजारच्या खाटेला ऐकवणं. दार असलेली खोली मागा, मैत्री क्लिनिकची (किशोरवयीनांसाठीचा सरकारी सल्ला कक्ष) चालेल.

गुप्ततेची हद्द प्रश्नाच्या आधी सांगायची. 'तू सांगशील ते मी होऊन घरी सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा तू अठराच्या आत आहेस आणि कोणी शरीरसंबंध ठेवला, अंगाला हात लावला, तर मला कळवावं लागतं. कळवण्याआधी तुला सांगीन.' हे ऐकून काही मुली गप्प होतील. होऊ द्या. आधी बोलतं करून मग कायदा काढला, तर ती पुन्हा कुठल्याच दवाखान्यात तोंड उघडणार नाही.

'हिंसा', 'प्रेमप्रकरण' नको. 'लफडं' तर चुकूनही नाही. वागणं विचारा. कोणाशी बोलणं चालू आहे का? तो फोन तपासतो का? कॉलेजात दुसऱ्याशी बोललीस तर राग काढतो का? कधी थापड, ढकलणं, गळा धरणं? फोटो मागून पसरवीन म्हणाला का? 'नाही' आलं तर उलटतपासणी नको. पुन्हा बोलायची वाट मोकळी ठेवा, फेरतपासणीला परत विचारा.

'सोडून दे त्याला' हा सल्ला देऊ नका, सोडतानाच धोका वाढतो. मुलाला बोलावून समेट तर मुळीच नाही.

काळा_कोट
पोक्सो २०१२ (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा), कलम १९: अठराच्या आतल्या व्यक्तीवरचा लैंगिक गुन्हा कळला की स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मुलीची संमती होती किंवा घरच्यांनी लग्न उरकलं, यानं फरक पडत नाही. अंगाचे फोटो पसरवायची लैंगिक हेतूची धमकी कलम ११ मध्ये येते. नुसती थापड पोक्सोत येत नाही.

गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीबाबत सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये वाट दिली आहे: मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अठरावरची असेल तर तक्रारीचा निर्णय तिचा. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा एका घरात राहिलेल्यांसाठी आहे, नुसत्या मैत्रीला लागत नाही. विष घेतलं म्हणून पोरीवरच केस होईल, अशी घरच्यांना धास्ती असते. त्यांना मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ समजावून सांगा: जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं, उलट सिद्ध झालं नाही तर, गृहीत धरतात आणि तिला शिक्षा होत नाही.

रात्रपाळी
पिवळ्या फॉस्फरसची उंदराची पेस्ट खाल्लेली मुलगी पहिले एक-दोन दिवस चांगली दिसते, यकृत नंतर बसतं. घरचे नेमकी तेव्हाच सुट्टी मागतात. डॉक्टरांना सांगून थांबवा. तुम्हाला बोलायला वेळही मिळतो.

गळा धरल्याचं कळलं तर बाहेर वळ नसला तरी लगेच डॉक्टर. बसलेला आवाज, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके पाहा.

केसपेपर घरी जातो, त्यावर यातलं काही लिहू नका. नोंद कुलपातल्या रजिस्टरात. माहितीपत्रकही देऊ नका. १८१ (महिला हेल्पलाइन), १०९८ (मुलांसाठी), ११२ (तातडीची मदत) हे नंबर तिच्याकडून तोंडपाठ करून घ्या. तिचा फोन तो तपासत असेल, तर तुमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजच तिला मार खायला लावेल.

तेंदूपान
कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची) मुलगी असेल, मराठी अडखळत असेल तर? सोबत मावशी असते, तिला दुभाषी करू का?

वैनगंगा
नातेवाईक नको, आणि तिच्याच पोडावरची आशाताईही नको. संध्याकाळपर्यंत बातमी पोहोचते. दुसऱ्या उपकेंद्राची कोलामी बोलणारी आशा किंवा सिस्टर शोधून ठेवा. प्रश्न तिच्याकडून आधीच कोलामीत म्हणवून घ्या, म्हणजे ऐनवेळी ती स्वतःची समजावणी घुसडणार नाही.