मदत हवी आहे: हाती रंगवलेली सावंतवाडीची गंजिफा ऑनलाइन कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आत्याच्या एकसष्टीला दशावतारी गंजिफा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांची चित्रं असलेले पारंपरिक गोल पत्ते, द्यायची आहे. पूर्ण संच हवा, म्हणजे 10 अवतारांची प्रत्येकी 12, अशी 120 पानं. ऑनलाइन बघावं तर छापील पानंच 'हस्तकला' म्हणून खपवतायत. फोटो मोठा करून पाहिला, मत्स्यावताराच्या पानांवरच्या सगळ्या माशांचे डोळे अगदी एकसारखे! हाताने काढलेले असे असतात होय?

पैसे जास्त गेले तरी चालतील, पण त्यातले कारागिराला किती मिळतात हे उघड सांगणारा विक्रेता हवा. 'महिलांना रोजगार' एवढं लिहून मोकळे होणारे नकोत. थेट सावंतवाडीतल्या चितार आळीतून, म्हणजे कारागिरांच्या गल्लीतून, पुण्याला पार्सल पाठवणारं कुणी माहीत आहे का? कार्यक्रम दिवाळीनंतर आहे, त्यामुळे ऑर्डर देऊन रंगवून घ्यायलाही तयार आहे. आगाऊ किती द्यावे लागतात? सोबत लाकडी फळांची परडी मिळाली तर सोन्याहून पिवळं.