दहावीसाठी तीन महिने पळणं बंद. दम किती जातो?

मांजलपूरची आई
माझा मुलगा यंदा दहावीला. इथे बडोद्यात मांजलपूरच्या ट्रॅकवर पळतो, १५०० मीटर. खेल महाकुंभात (गुजरात सरकारच्या क्रीडा स्पर्धेत) जिल्ह्यात दुसरा आला. आता घरात ठरतंय की प्रिलिमपासून मार्चमध्ये बोर्ड संपेपर्यंत मैदान बंद. ह्यांचं म्हणणं, घरात असला की अभ्यास होतो. (मला तर हातात मोबाईलच दिसतो.) कोच म्हणतात, तीन महिन्यांत सगळं धुऊन जाईल. खरंच का? की एप्रिलमध्ये आपोआप येतं परत?

दांडियाबाजारकर
काही होत नाही हो ताई. या वयात सगळं भरून निघतं. बोर्ड एकदाच येतं, स्पर्धा दरवर्षी.

निवृत्त पी.टी. मास्तर
ताई, कोच घाबरवतायत आणि वरचे भाऊ फारच सोपं करतायत.

परीक्षेनंतरची पोरं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. पहिल्या दिवशी दोन राउंड झाले की कमरेवर हात, तोंड लालबुंद, आणि तक्रार काय, तर “सर, बूट टोचतात.” (कधी कधी खरंच टोचतात, मधल्या काळात पाऊल वाढलेलं असतं.) पण अडलेलं असतं ते रक्तापाशी. सराव थांबला की पहिल्या दोनेक आठवड्यांतच रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव भाग, कमी होतो. मग हृदय एका ठोक्याला कमी रक्त फेकतं आणि त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. स्नायूंमधली ऑक्सिजन वापरायची यंत्रणा त्यानंतर हळूहळू ढिली पडते.

आकडा हवा असेल तर अमेरिकेत कॉईल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली मुरलेल्या खेळाडूंचा सराव बंद करून मोजलं होतं. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते माप तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के उतरलं, आठ आठवड्यांत १६ टक्के, आणि पुढे तिथेच थांबलं. म्हणजे धुऊन नाही गेलं. तीन महिन्यांनीही ते कधीच न पळणाऱ्यांपेक्षा वरच होते. पण ती मोठी माणसं, वर्षानुवर्षं पळलेली. तुमचा मुलगा अजून वाढतोय. वाढीबरोबर हृदय-फुप्फुसंही मोठी होतात, त्यामुळे घसरगुंडी थोडी झाकली जाते. वजन वाढलं तर किलोमागे तेच माप खाली आलेलं दिसेल. म्हणून एप्रिलमधलं पहिलं टायमिंग बघून कुणी रडू नये.

आता मुद्द्याचं. पूर्ण बंद करायची गरजच काय? हिक्सन नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकात दाखवलं की सराव सहा दिवसांवरून दोन दिवसांवर आणला, किंवा रोजचा वेळ एक-तृतीयांश केला, तरी १५ आठवडे दम टिकतो. अट एकच, जोर तोच हवा. जोर कमी केला की दम जातो, मग भले रोज पळा. तेव्हा आजोबांबरोबर कमाटीबागेत फेऱ्या मारल्या म्हणजे झालं असं नको. आठवड्यातून दोनदा अर्धा तास: दहा मिनिटं हलकं पळायचं, मग तीन मिनिटं वाक्य पूर्ण बोलता येणार नाही इतकं जोरात आणि दोन मिनिटं चालत, असं चारदा. एवढ्याने अभ्यास बुडत नाही.

आणि आधीच कोचला फोन करून सांगा, एप्रिलचे पहिले दोन आठवडे घड्याळ खिशात ठेवा. बडोद्यात तेव्हा पारा चाळिशीला टेकतो, आणि प्लाझ्मा कमी असलेल्या पोराला ऊन लवकर बाधतं. सकाळी साडेसहापर्यंत ट्रॅकवर, आठच्या आत घरी.

मांजलपूरची आई
ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मंगळवार आणि शनिवार मंजूर! कोचही “चालेल” म्हणाले. एकच विचारते काका, दिवाळीपासून तो गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणतो. मग जोरात पळवायचं का?

निवृत्त पी.टी. मास्तर
वाटीच्या खाली नडगीवर उंचवटा असतो, तिथे दाबून बघा. तिथेच कळ येत असेल तर उंची झपाट्याने वाढणाऱ्या पोरांचं हे नेहमीचं दुखणं असू शकतं. मांडीचा स्नायू तिथल्या कोवळ्या हाडाला ओढत राहतो. हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. तोवर उड्या आणि जिने बंद. डॉक्टर हो म्हणाले आणि दुखत नसेल, तर तेच चार डाव सायकलवर करू दे. हृदयाला सायकलही चालते, फक्त दम लागला पाहिजे.