इंडस्टार-६१ एल/झेड मिररलेसवर लावली, शटरच पडत नाही

प्रश्न: जुनी सोव्हिएत इंडस्टार-६१ एल/झेड मिळालीय, ५० एमएम एफ २.८, एम४२ स्क्रूवाली (४२ एमएमच्या आट्यांनी बसणारी). अ‍ॅडॉप्टर लावून सोनीच्या ई-माउंट मिररलेस कॅमेऱ्यावर बसवली तर बटण दाबून काहीच होत नाही, लेन्स खराब आहे का?

उत्तर १: लेन्सला काही झालेलं नाही हो. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्सच नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं पुढे लेन्सच नाहीये. मेनूत ‘लेन्सशिवाय रिलीज’ चालू करा. आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंथ हाताने ५० टाका, हे लोक हमखास विसरतात.

उत्तर २: अ‍ॅडॉप्टर स्वस्तातला असेल तर इन्फिनिटी (अगदी लांबचा फोकस) आधी तपासा, एम४२ चं माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४५.४६ एमएम आणि ई-माउंटचं १८, म्हणजे अ‍ॅडॉप्टर साधारण २७.५ चा हवा, जरा जाड निघाला की लांबचं शार्प येतच नाही.

प्रश्नकर्ता: चाललं!! पीकिंग (शार्प कडा रंगाने दाखवणारी सोय) लावून फोकस केला, मग अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) रिंग ५.६ वर फिरवली तर पानांवरच्या थेंबांमागचे दिवे चक्क टोकदार चांदण्यांसारखे आले, गोल नाहीतच, असं का?

उत्तर १: तिच्या अ‍ॅपर्चरच्या पात्यांचा आकारच तसा आहे, ५.६ ते ८ च्या आसपास चांदणी दिसते, पूर्ण उघडलीत की परत गोल. मला तर ही लेन्स त्यासाठीच आवडते.