मदत हवी आहे: अणुभट्टीतल्या पाण्याच्या मिश्रणाचं सिम्युलेशन प्रयोगाशी जुळत नाही

मंडळी, एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या रोसेनडॉर्फमधल्या ‘रोकॉम’ प्रयोगावर काम करतोय. कोन्व्होई या जर्मन प्रकारच्या अणुभट्टीचं हे 1:5 प्रमाणातलं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक मॉडेल, थंड करणारं पाणी फिरवणाऱ्या चारही लूपसकट (नळ्यांची वर्तुळं). बंद भट्टीच्या एका लूपमध्ये बोरॉन (न्यूट्रॉन शोषून साखळी प्रक्रिया आवरणारा पदार्थ) नसलेलं पाणी साचलं आणि पंप सुरू झाला, तर गाभ्यात (इंधन असतं तिथे) पोचेपर्यंत ते किती मिसळतं, हे त्यात तपासतात. नीट मिसळलं नाही तर साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू व्हायची भीती. पाण्याचा माग मिठाने काढतात, तारांच्या जाळीचा सेन्सर विद्युतवाहकता मोजतो. थंड, जड पाण्याचं सोंग आणायला चक्क साखर घालतात!

अडचण अशी: पंप सुरू करण्याच्या प्रयोगात या पाण्याचा लोंढा दोन्ही बाजूंनी वळसा घालून आधी समोरच्या अंगाने गाभ्यात शिरतो. माझ्या ओपनफोममध्ये (प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) मात्र तो सरळ नोझलखालीच (लूपचं पाणी भट्टीत शिरतं ते तोंड) उतरतो, आणि तेही घनता सारखी ठेवून. खळबळत्या प्रवाहासाठी के-एप्सिलॉन मॉडेल आहे. पंपाचा रॅम्प (वेग वाढत जाण्याचा क्रम) गंडलाय की डाउनकमरमधली (पाणी खाली उतरतं ती भिंतीलगतची कड्यासारखी जागा) मेश, म्हणजे गणिताची जाळी, जाड पडतेय? तळाच्या छिद्रांच्या ड्रमला सच्छिद्र माध्यम धरलंय, त्याचा परिणाम असेल का? मला स्वतःला मेशचा संशय जास्त आहे. कुणी सीएफडीवाले (संगणकावर प्रवाहाचं गणित करणारे) असाल तर सांगा, केस फाइल लगेच पाठवतो.